चकाकते ते गुळगुळीतच असते काय?

दिवाळी महिन्यावर आली की आपल्या घरोघरी रंगकामाचा विचार सुरू होतो. दाराच्या फळीवर ऑइलपेंटचा दुसरा हात बसला आणि तिच्यात समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब दिसू लागले, की गृहिणी समाधान पावते आणि रंगारी मजुरी मागावयास मोकळा होतो. चकाकी आली म्हणजे काम उत्तम झाले, ही समजूत दारापुरती खोटी नाही. परंतु हाच रंग विमानाच्या पंखावर चढतो तेव्हा परीक्षक बदलतो. तेथे पारख वारा करतो, आणि वाऱ्याला डोळे नसतात. चकाकी त्याच्या गावीही नसते. त्याला कळतो तो केवळ उंचसखलपणा. डोळ्यांची पसंती आणि वाऱ्याची पसंती यांतील हा फरक घरी विमान बांधणाऱ्या माणसाला किती सांभाळावा लागतो, ते या वेळी पाहावे असे आम्ही योजिले आहे.

‘घरी बांधलेले विमान’ हे शब्द वाचून काही वाचकांना नवल वाटेल. पण हा छंद जुना आहे. अमेरिकेत १९५३ साली अशा हौशी लोकांची ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था निघाली, आणि विस्कॉन्सिन राज्यातील ऑश्कॉश या गावी तिचा वार्षिक मेळा भरतो. निम्म्याहून अधिक काम स्वतः, शिकण्यासाठी वा हौसेसाठी केलेले असले पाहिजे, ही तेथील कायद्याची अट. आपल्याकडेही अमोल यादव या मराठी वैमानिकाने मुंबईत कांदिवली येथे आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडले आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणी करून घेतली. आणि खरे पाहता राइट बंधूंचे १७ डिसेंबर १९०३ चे विमान तरी दुसरे काय होते? सायकलच्या दुकानात घडवलेले ते घरगुती विमानच. त्याच्या पंखांवर साधे मलमलीसारखे सुती कापड ताणलेले होते, आणि त्या कापडाला रंगाचा एकही हात दिलेला नव्हता.

मग रंग हवा कशाला? तर मुख्यतः रक्षणासाठी. कापड उन्हाने कुजते, धातू दमट हवेने गंजतो, काचतंतू आणि राळ यांचे कवच सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी जीर्ण होते. रंग ही विमानाची छत्री होय. परंतु वर्षानुवर्षे राबून विमान उभे केल्यावर बांधणारा जेव्हा रंगापाशी येतो तेव्हा त्याला छत्रीपेक्षा अधिक काही हवे असते. आरशासारखी चकाकी आणून, वर मेणाचे पॉलिश घासून, ताशी चार-दोन मैल वेग पदरात पडेल का, हा प्रश्न हौशी मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या चघळला गेला आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम वाऱ्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे.

डोक्यावरच्या विजेच्या पंख्याकडे पाहा. तो दिवसभर गरगर फिरतो, तरी त्याच्या पात्यांवर धूळ बसतेच. एवढ्या वेगाने हवा कापणाऱ्या पात्यावरील धूळ उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते. तिच्या वरची थोडी मागे राहते, त्याच्या वरची आणखी मागे. पृष्ठभागालगतच्या या पातळ थराला ‘सीमास्तर’ म्हणतात. राइट बंधूंच्या उड्डाणानंतर आठच महिन्यांनी, ऑगस्ट १९०४ मध्ये, जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या गणितज्ञांच्या परिषदेत लुडविग प्रांट्ल यांनी हा विचार मांडला. हवेचे पृष्ठभागाशी होणारे घर्षण या थरात घडते. रंगाचा आणि वाऱ्याचा व्यवहारही येथेच होतो.

या थराचे स्वभाव दोन. देवापुढे लावलेल्या उदबत्तीचा धूर पाहावा. निवांत खोलीत तो प्रथम रेशमाच्या लडीसारखा सरळ वर जातो आणि वीतभर उंचीवर पोहोचताच एकाएकी विस्कटून त्याची वेटोळी होतात. पहिल्या अवस्थेला स्तरीय प्रवाह आणि दुसरीला संक्षोभी प्रवाह म्हणतात. नळीतील पाण्यात रंगाची बारीक धार सोडून ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली मँचेस्टर येथे हा पालट प्रत्यक्ष दाखवला होता. पंखावरही असेच होते. पुढल्या कडेपासून काही अंतर सीमास्तर शांतपणे सरकतो आणि मग विस्कटतो. लहान विमानाच्या वेगाला व पंखाच्या आकाराला संक्षोभी थराचे घर्षण स्तरीय थराच्या चौपट-पाचपट भरते. म्हणून शांत प्रवाह पंखावर जितका दूरवर टिकेल तितका रोध कमी, वेग अधिक आणि इंधनाचा खर्च थोडा.

आता प्रश्न असा की, हा शांत थर किती उंचीच्या खडबडीने विस्कटतो? समजा, विमान ताशी २९० किलोमीटर वेगाने, जमिनीपासून फार उंच नसलेल्या हवेतून चालले आहे. प्रयोगांवरून बसवलेल्या नियमाने हिशेब केला तर सुट्या खड्याची मर्यादा सुमारे एक-दशांश मिलिमीटर येते. वहीच्या एका कागदाची जाडी साधारण एवढीच असते. याहून उंच कण पंखाच्या पुढल्या भागावर असेल, तर त्याच्या मागे पाचरीच्या आकाराचा पट्टाच्या पट्टा विस्कटतो. याहून पुष्कळ बुटका असेल, तर वाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

येथे चकाकीच्या वादाचा निकाल लागतो. ६०० नंबरच्या पाण्याच्या पॉलिश पेपरने घासलेला पृष्ठभाग डोळ्यांना निस्तेज दिसतो. पण त्यावरील ओरखडे मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतकेच खोल असतात. म्हणजे कागदाच्या जाडीशी तुलना केली तर नगण्यच. प्रकाशाच्या लहरी मिलिमीटरच्या एक-सहस्रांशाहूनही लहान असल्यामुळे डोळ्यांना तो ओरखडा दिसतो. वाऱ्याला तो लागत नाही. उलट, आरशासारख्या चकाकणाऱ्या रंगात ब्रशाचा एखादा केस अडकला असेल, धुळीचा कण बसला असेल, किंवा रंगाचा ओघळ सुकला असेल, तर डोळे प्रतिबिंबाच्या मोहात तो दोष सोडून देतात आणि वारा नेमका तेथेच अडखळतो. निस्तेज पण सपाट पंख हा चकाकत्या पण ओघळ आलेल्या पंखाहून सरस. मेणाच्या पॉलिशाचे म्हणाल, तर त्याने भरले जातात ते हेच नगण्य ओरखडे. त्याचा खरा उपयोग एवढाच की चिकटलेली घाण लवकर निघते.

खडबड कोठे आहे यालाही महत्त्व आहे. इंग्लंडच्या प्रसिद्ध ‘स्पिटफायर’ विमानाचा पहिला नमुना १९३६ साली उडाला. त्याच्या पत्र्यांचे रिव्हेट पृष्ठभागाशी सपाट बसवावयाचे की गोल डोक्याचे चालतील, हा पैशाचा आणि वेळेचा प्रश्न होता. तेव्हा अभियंत्यांनी स्वयंपाकघरातील युक्ती योजिली. सपाट रिव्हेटांच्या डोक्यांवर त्यांनी वाटाण्याच्या डाळीचा एकेक दाणा सरसाने चिकटवला आणि विमान उडवले. वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटरने घटला! मग एकेका भागावरचे दाणे खरवडून काढीत पुन्हापुन्हा उड्डाणे केली, आणि कोठला दाणा महाग पडतो व कोठला फुकट चालतो याचा नकाशाच हाती आला. धडा हाच की सगळ्या पृष्ठभागावर सारखी मेहनत घेणे व्यर्थ. पंखाच्या पुढल्या कडेला, जेथे सीमास्तर सर्वांत पातळ असतो, तेथे जीव ओतावा. विमानाच्या मागल्या अंगाला, जेथे प्रवाह आधीच विस्कटलेला असतो, तेथे साधे काम भागते.

हौशी रंगारी मात्र बहुधा उलट करतो. शोभेसाठी तो पंखाच्या पुढल्या भागावर आडवा लाल पट्टा ओढतो. चिकटपट्टी लावून रंगाचे दोन-तीन हात दिले आणि पट्टी ओढून काढली की रंगाच्या कडेला बारीकशी पायरी राहते. वाऱ्याला चढत्या पायरीपेक्षा उतरती पायरी लवकर भोवते. जवळजवळ निम्म्या उंचीची उतरती पायरीसुद्धा प्रवाह विस्कटावयास पुरे होते. म्हणून जाणकार मंडळी असे पट्टे पंखाच्या मागल्या भागात नेतात, नाहीतर कडा पाण्याच्या कागदाने घासून मिटवतात.

पायरीहून फसवा दोष म्हणजे लाट. पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागतो, पण एखादी लांब सरळ पट्टी त्यावर धरली तर मध्येच उजेड दिसतो. अशा मंद चढउतारांनीही प्रवाह अकाली विस्कटतो. रंगाने लाट झाकत नाही. चकाकी आल्यावर ती अधिकच उघडी पडते. तिचा उपाय रंगापूर्वीच करावा लागतो. राळेत काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळून केलेली हलकी लांबी भरावयाची आणि हातभर लांब ताठ फळीला पॉलिश पेपर लावून ती तिरप्या रोखाने घासावयाची. लहान ठोकळ्याने घासले तर तो लाटेच्या खळग्यात उतरतो आणि लाट तशीच राहते. रंगकामाचे नव्वद टक्के पुण्य अस्तरापूर्वीच पदरी पडते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

प्रवाह खरोखर कोठवर शांत राहिला हे पाहण्याचीही एक सुंदर रीत आहे. कपड्यांच्या पेटीत आपण डांबरगोळ्या ठेवतो; त्या हळूहळू हवेत उडून जातात. त्याच जातीचे रसायन फवारून पंखावर पांढरा पातळ थर द्यावयाचा आणि विमान उडवावयाचे. जेथे प्रवाह विस्कटलेला असतो तेथे थर भराभर उडून जातो. जेथे तो शांत असतो तेथे पांढरा राहतो. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेच्या लँग्ली केंद्रातील संशोधकांनी आधुनिक विमानांच्या पृष्ठभागांचे असे प्रयोग करून १९८४ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत बर्ट रुटन यांच्या नकाशांवरून बांधलेली काचतंतूंची विमानेही होती. आधुनिक गुळगुळीत पृष्ठभागावर प्रवाह बराच दूरवर शांत राहतो, असे आढळून आले.

येथवरची गोष्ट नफ्याची झाली. आता जोखमीची सांगतो. कारण हा विषय केवळ चार-दोन मैलांचा असता तर त्यासाठी आम्ही वाचकांचा एवढा वेळ घेतला नसता.

रुटन यांचे ‘व्हॅरी-ईझी’ हे विमान मे १९७५ मध्ये प्रथम उडाले आणि त्याच्या नकाशांवरून देशोदेशीच्या हौशी लोकांनी विमाने बांधली. त्याचा मोठा पंख मागे, आणि नाकाशी ‘कॅनार्ड’ नावाचा एक लहान पंख. नाक उचलून धरण्याचे काम या लहान पंखाचे. त्याचा आकार ग्लासगो विद्यापीठात रचलेला होता आणि शांत प्रवाहावर त्याची मोठी भिस्त होती. कोरड्या हवेत तो फार गुणी. परंतु पाऊस लागला की थेंब त्यावर पुटकुळ्यांसारखे उभे राहत. शांत प्रवाह पुढल्या कडेपाशीच विस्कटे, जाड झालेला थर पंखाच्या उताराला धरून राहू शकत नसे, आणि पंखाची उचल घटे. विमानाचे नाक खाली झुकू लागे, आणि वैमानिकाला दांडा मागे ओढून धरावा लागे. एकाच नकाशावरून बांधलेल्या विमानांतही हा परिणाम कोठे थोडा, कोठे अधिक दिसे; कारण प्रत्येकाचा हात वेगळा. चिकटलेल्या किड्यांनीही असाच उपद्रव होई. रुटन यांनी आपल्या वार्तापत्रातून बांधणाऱ्यांना सावध केले. पुढे जॉन रॉन्झ यांनी लहान पंखासाठी नवा आकार रचला आणि तो पावसाला बधत नसे. ज्या पंखाचा जीव केवळ रंगाच्या स्वच्छतेवर टांगलेला असतो त्यावर माणसाने आपला जीव टांगू नये, हा त्यातला बोध आहे. मेण लावलेल्या पृष्ठभागावर पाण्याचे मणी उभे राहतात आणि नुसत्या घासलेल्या पृष्ठभागावर पाणी पसरते, हेही अशा विमानाच्या धन्याने ध्यानात ठेवावे.

दुसरी जोखीम वजनाची. रंगाचा सुकलेला थर एक-दशांश मिलिमीटर जाडीचा असेल तर दर चौरस मीटरला सुमारे दीडशे ग्रॅम वजन चढते. लहान विमानाचा पृष्ठभाग चाळीस चौरस मीटर धरला तर सहा किलो झाले. लांबी, अस्तर आणि हौसेचे आणखी दोन हात मिळून हा आकडा सहज दुप्पट होतो. पण एकूण वजनापेक्षा ते कोठे चढले हे महत्त्वाचे. पंखांच्या आणि शेपटीच्या मागल्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या फळ्या असतात. त्यांच्या योगे विमान वळते आणि चढते-उतरते. या फळ्या बिजागरीभोवती तोलून बसवलेल्या असतात. रंगाचा बहुतेक भाग बिजागरीच्या मागे पडतो. त्यामुळे तोल मागे झुकला, तर एका ठराविक वेगाला फळी फडफडू लागते. ती फडफड वाऱ्यातूनच बळ घेते आणि काही क्षणांत फळी, कधी पंखही, मोडून टाकते. वावटळीत सापडलेला पत्रा ज्याने पाहिला आहे त्याला याची कल्पना येईल. म्हणून नियम असा की, प्रत्येक फळी रंग दिल्यानंतर पुन्हा तोलून पाहावी, आणि नवा रंग देताना जुना खरवडून काढावा. थरावर थर चढवणे दाराला चालते. विमानाच्या फळीला चालत नाही.

तिसरी जोखीम क्षुल्लक दिसते. विमानाच्या अंगावर सुईच्या नेढ्याएवढी काही छिद्रे असतात. त्यांतून वेगमापकाला आणि उंचीमापकाला हवेचा दाब कळतो. रंग देताना ती चिकटपट्टीने झाकावी लागतात आणि काम संपताच आठवणीने उघडावी लागतात. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरू देशातील एका प्रवासी विमानाची ही छिद्रे, विमान स्वच्छ करून चकाकवताना लावलेल्या पट्टीने झाकलेलीच राहिली. रात्रीच्या काळोखात वैमानिकांना ना खरी उंची कळली, ना खरा वेग. विमान समुद्रात कोसळले आणि त्यातील सत्तरही माणसे दगावली. चकाकीचे काम करणाऱ्याच्या हाती किती प्राण असतात, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

राहिला रंगाचा वर्ण. राळ आणि काचतंतूंची विमाने बहुधा पांढरीच का दिसतात? ही राळ उष्णतेने मऊ पडते. भर उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग इतका तापतो की हात ठेववत नाही; पांढरा त्या मानाने पुष्कळ थंड राहतो. उन्हाळ्यात गच्चीवर चुन्याचा हात देणाऱ्या आपल्या माळव्यातील वा वऱ्हाडातील वाचकांना हे वेगळे शिकवावयास नको. बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने घडवलेले आणि १९९३ साली प्रथम उडालेले ‘हंस’ हे दोन आसनी विमान अशाच तंतुमय द्रव्याचे आहे. त्याचा पांढरा वर्ण केवळ नावाच्या शोभेसाठी नव्हे.

तेव्हा विमानाच्या रंगाची शहाणी रीत अशी ठरते: आधी आकार सरळ करावा, मग पुढली कड निष्कलंक करावी, रंग पांढरा आणि पातळ द्यावा, फळ्या तोलाव्यात, छिद्रे मोजून उघडावीत, आणि हे सारे साधल्यावर हौस उरली असेल तर खुशाल पॉलिश करावे. तपासताना डोळे मिटून तळहात फिरवावा. आपले जुने सुतार आणि रंगारी हेच करीत. कागदाच्या जाडीची पायरी बोटांना हमखास लागते, आणि वाऱ्याची जात बोटांच्या जवळची आहे.

विज्ञान प्रदर्शनासाठी बाल्साचे वा थर्माकोलचे ग्लायडर करणाऱ्या मुलांसाठी जाता जाता एक गंमत. एवढ्या लहान आणि संथ पंखावर न्याय उलटतो. तेथे शांत थर इतका दुबळा असतो की फुगीर पंखाच्या उतारावर तो लवकरच सुटतो आणि उचल ढासळते. म्हणून अनुभवी मंडळी पंखाच्या वरच्या बाजूस, पुढल्या कडेमागे थोड्या अंतरावर, शिवणाचा एक दोरा कडेला समांतर चिकटवतात आणि प्रवाह मुद्दाम विस्कटवतात. क्रिकेटच्या चेंडूची शिवण एका अंगाला हेच काम करते. घरातील मुलांनी बंद खोलीत अथवा शाळेच्या सभागृहात दोऱ्यावाचून दहा आणि दोऱ्यासह दहा फेकी कराव्यात, दर वेळी अंतर मोजून वहीत टिपावे, आणि सरासरी काढून आम्हांस कळवावी. दोरा चिकटवताना सरस बेताने वापरावा, म्हणजे वजन वाढणार नाही.